प्रस्तावना : फ्रॅगमेंट आणि अॅक्टिव्हिटी यांच्यातला संवाद

अँड्रॉइड शिकायला लागलेल्या मुलाला पडद्यावर बटण ठेवणे, यादी दाखवणे, एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाणे हे लवकर जमते. अडते ते पुढे. एकाच पडद्याचे दोन भाग करायची वेळ येते, एका भागात बोट लागले की दुसऱ्या भागातला मजकूर बदलायला हवा असतो, आणि हा निरोप न्यायचा कसा याची त्याला पाच-सहा वेगवेगळी उत्तरे मिळतात. कोणी इंटरफेस लिहायला सांगतो, कोणी व्ह्यूमॉडेल, कोणी ब्रॉडकास्ट, कोणी म्हणतो की सरळ अॅक्टिव्हिटी हाताशी घे आणि तिची मेथड कॉल कर. यातली बहुतेक उत्तरे आपापल्या काळात चालून गेलेली असतात. कोणते उत्तर कोणत्या काळातले आणि ते मागे का पडले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मग मुले हाती लागेल ते उचलतात, ते चालतेही, आणि फोन आडवा केला की अॅप कोसळते.

ही पुस्तिका त्या मुलांसाठी लिहिली आहे. एका भागातून दुसऱ्या भागापर्यंत पोहोचण्याच्या वाटा दोन तासांत शिकून होतात. त्या वाटेने जाणारी माहिती कोणाच्या ताब्यात आहे आणि तो ताबेदार किती काळ जिवंत राहणार आहे, हे कळायला वेळ लागतो. फ्रॅगमेंट आणि अॅक्टिव्हिटी यांच्या संवादातल्या मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक गोंधळाचे मूळ या दुसऱ्या प्रश्नात होते, म्हणून पुढच्या सगळ्या प्रकरणांत तोच आधी विचारला आहे.

उदाहरण सगळीकडे एकच वापरले आहे : बाजारभावाचे अॅप. एका भागात बाजार समित्यांची यादी, म्हणजे लासलगाव, पिंपळगाव बसवंत, सोलापूर वगैरे. दुसऱ्या भागात निवडलेल्या समितीतला कांद्याचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव, क्विंटलमागे. शेतकऱ्याने माल विकला असेल तर व्यापाऱ्याने दिलेल्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या पावतीचा, फोटो काढून तो तिथेच जोडता येतो. फोनवर यादी आणि भाव एकामागून एक दिसतात, टॅबवर शेजारी-शेजारी. अॅप एवढेसे आहे, पण या विषयातले सगळे पेच त्यात येतात.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला तेव्हा एक पडदा म्हणजे एक अॅक्टिव्हिटी असा सरळ हिशेब होता. एकीने दुसरीला इंटेंट पाठवायचा, त्यात लागेल ती माहिती घालायची, आणि उत्तर हवे असेल तर निकालाची वाट बघायची. देवाणघेवाण सिस्टिममार्फत व्हायची, त्यामुळे दोन अॅक्टिव्हिटींना एकमेकींना थेट हात लावावा लागत नसे. पडदे लहान होते, काम भागत होते. फेब्रुवारी २०११ मध्ये अँड्रॉइड ३.० म्हणजे हनीकोंब आले, त्याबरोबर मोटोरोलाचा झूम हा १०.१ इंची टॅब आला, आणि एवढ्या रुंद पडद्यावर नुसती यादी ताणून दाखवणे विचित्र दिसू लागले. यादी आणि तपशील शेजारी-शेजारी हवे होते, पण दोघांसाठी लिहिलेला कोड फोनवर वेगवेगळ्या पडद्यांतही वापरता यायला हवा होता. त्यासाठी फ्रॅगमेंट आले. अँड्रॉइडच्या चमूतल्या डायन हॅकबॉर्न यांनी त्या महिन्यात ही नवी रचना जगाला समजावून सांगितली, आणि पुढच्याच महिन्यात सपोर्ट लायब्ररीतून फ्रॅगमेंट अँड्रॉइड १.६ पर्यंतच्या जुन्या फोनांवरही वापरता येऊ लागले.

फ्रॅगमेंटला स्वतंत्र अस्तित्व नाही. तो अॅक्टिव्हिटीत बसतो, पण त्याचे जीवनचक्र मात्र वेगळे. तो अॅक्टिव्हिटीला जोडला जातो, तयार होतो, आपला व्ह्यू उभा करतो, दिसू लागतो, मग एकेक पायरी उतरत शेवटी सुटा होतो. यातली एक पायरी नीट लक्षात ठेवावी. यादीच्या जागी भावाचा फ्रॅगमेंट आणला आणि यादीला बॅक स्टॅकवर ठेवले, तर यादीचा व्ह्यू नष्ट होतो, पण यादीचा फ्रॅगमेंट जिवंतच राहतो. मागे आले की त्याच फ्रॅगमेंटला नवा व्ह्यू मिळतो. म्हणजे एका फ्रॅगमेंटच्या आयुष्यात व्ह्यूची दोन-तीन आयुष्ये होऊन जाऊ शकतात. निरोप कोणाच्या आयुष्याला बांधायचा, हा प्रश्न इथे पहिल्यांदा समोर येतो.

आणि अॅक्टिव्हिटीचे स्वतःचे आयुष्य तरी कुठे लांब आहे? फोन आडवा केला, भाषा बदलली, रात्रीचा काळा रंग लागला, अक्षर मोठे केले, खिडकीचा आकार बदलला, की मुद्दाम काही वेगळे सांगितले नसेल तर जुनी अॅक्टिव्हिटी जाते आणि नवी तयार होते. अनेकजण यावर तोडगा म्हणून अॅप उभ्या पडद्यालाच बांधून टाकतात. हा तोडगा मला कधीच पटला नाही, कारण त्याने लक्षणच फक्त झाकले जाते. आता तर तो मोठ्या पडद्यांवर टिकतही नाही. अँड्रॉइड १६ ला लक्ष्य करणारे अॅप ६०० डीपी किंवा त्याहून रुंद पडद्यावर चालले, तर खेळ वगळता असे बंधन सिस्टिम सहसा मानत नाही. घडीचे फोन आणि टॅब वापरणाऱ्यांपुढे २०११ चा प्रश्न पुन्हा उभा आहे.

याहून खोल खड्डा पुढे आहे. बाजारभावाच्या अॅपमध्ये शेतकऱ्याने समिती निवडली, भाव पाहिला आणि पट्टीचा फोटो काढायला कॅमेरा उघडला. दोन-तीन जीबी मेमरीच्या फोनवर कॅमेऱ्याला भरपूर जागा लागते. ती मिळवायला सिस्टिम मागे पडलेल्या अॅपची प्रोसेसच बंद करते. फोटो निघतो, शेतकरी परत येतो. त्याच्या दृष्टीने अॅप जिथल्या तिथे आहे. प्रत्यक्षात प्रोसेस नवी, अॅक्टिव्हिटी नवी, फ्रॅगमेंटही नवे. आणि हे फ्रॅगमेंट आपल्या कोडने तयार केलेले नसतात. फ्रॅगमेंट मॅनेजरने जपून ठेवलेल्या नोंदीतून क्लासचे नाव वाचून, रिकाम्या कन्स्ट्रक्टरने ते उभे केलेले असतात. आपण प्रेमाने कन्स्ट्रक्टरमधून दिलेले समितीचे नाव त्या नोंदीत नसते. रिकामा कन्स्ट्रक्टरच लिहिलेला नसेल तर अॅप तिथेच कोसळते. लिहिलेला असेल तर पडदा उघडतो आणि समितीच्या जागी काहीच नसते, आणि शेतकऱ्याला वाटते की आपण काढलेला फोटो वाया गेला.

यावरचा उपाय फ्रॅगमेंटच्या जन्मापासून आहे. सुरुवातीची माहिती आर्ग्युमेंटच्या बंडलमधून द्यावी. ते बंडल नोंदीबरोबर जपले जाते आणि नव्या फ्रॅगमेंटला आपोआप मिळते. फक्त त्यात काय घालायचे याला मर्यादा आहे. जपलेली ही माहिती बाइंडरमधून, म्हणजे प्रोसेसांमधल्या देवाणघेवाणीच्या यंत्रणेतून, जाते, आणि बाइंडरचा साठा एका प्रोसेसमधल्या सगळ्या चालू व्यवहारांना मिळून सुमारे १ एमबीचा. अँड्रॉइड ७.० च्या पुढे हा बोजा फार झाला की अॅप सरळ बंद पडते. म्हणून समितीचा क्रमांक द्यावा, समितीच्या वर्षभराच्या भावांचा तक्ता देऊ नये. तक्ता डेटाबेसमध्ये असतो, क्रमांकावरून तो पुन्हा आणता येतो.

हे झाले अॅक्टिव्हिटीकडून फ्रॅगमेंटकडे जाण्याचे. उलट दिशेला पहिल्या दिवसापासून मुलांना भुरळ घालणारी वाट म्हणजे फ्रॅगमेंटमध्ये उभे राहून गेटअॅक्टिव्हिटी म्हणायचे, मिळालेल्या अॅक्टिव्हिटीला मेनअॅक्टिव्हिटीचा साचा चढवायचा आणि हवी ती मेथड कॉल करायची. चालते. पण तो फ्रॅगमेंट आता दुसऱ्या कुठल्याही अॅक्टिव्हिटीत बसू शकत नाही, म्हणजे तो ज्यासाठी जन्माला आला तेच गेले. शिवाय भाव आणायला पाठवलेली विनंती नेटवर्क कमी असल्यामुळे उशिरा परतली आणि तोवर शेतकरी मागे गेलेला असला, तर फ्रॅगमेंट सुटा झालेला असतो आणि गेटअॅक्टिव्हिटीच्या हाती नल येते. जुन्या जावा कोडमध्ये नल तपासण्याच्या ओळींची जी रांग दिसते, तिचे कारण हेच.

म्हणून इंटरफेसची पद्धत आली आणि अनेक वर्षे गूगलच्या अधिकृत धड्यांत तीच शिकवली गेली. यादीच्या फ्रॅगमेंटने आपल्यापुरता एक छोटा इंटरफेस जाहीर करायचा : समिती निवडली गेली. जी अॅक्टिव्हिटी याला आपल्यात बसवेल तिने तो अमलात आणायचा. फ्रॅगमेंट जोडला जाताना, ऑनअटॅचमध्ये, समोरची अॅक्टिव्हिटी तो इंटरफेस पाळते का हे तपासायचे आणि तिला धरून ठेवायचे. सुटा होताना सोडून द्यायचे. अॅक्टिव्हिटी मग ठरवते : टॅब असेल तर शेजारच्या भावाच्या फ्रॅगमेंटला सांगायचे, फोन असेल तर त्याचा नवा पडदा आणायचा. दोन फ्रॅगमेंटांनी एकमेकांशी थेट बोलू नये हा नियम याच रचनेतून आला.

ही पद्धत जुनी म्हणून टाकाऊ समजली जाते, ते मला मान्य नाही. तिच्यात एक शहाणपण आहे ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. फोन आडवा झाला, नवी अॅक्टिव्हिटी आली, नवा फ्रॅगमेंट आला, तरी ऑनअटॅच पुन्हा चालते आणि नात्याची गाठ आपोआप नव्याने बसते. याउलट अॅक्टिव्हिटीने फ्रॅगमेंट तयार करून त्याला वरून लिसनर लावून दिला, तर ती गाठ फक्त त्या एका वस्तूशी असते. सिस्टिमने उभा केलेला नवा फ्रॅगमेंट लिसनरशिवाय येतो, यादीवर बोट लावले तरी काही होत नाही, आणि लॉगमध्ये चुकीची एक ओळही दिसत नाही. दोन्ही कोड शेजारी ठेवले तर जवळजवळ सारखे दिसतात. फरक कोण कधी जोडतो एवढाच आहे. या एका मुद्द्यावर या पुस्तिकेतले एक पूर्ण प्रकरण खर्च केले आहे आणि ते वगळू नये अशी विनंती आहे.

इंटरफेसचा त्रास वेगळा होता. पडदे वाढले, फ्रॅगमेंटांत फ्रॅगमेंट बसू लागले, अँड्रॉइड ४.२ पासून त्याला अधिकृत वाट मिळाली, आणि अॅक्टिव्हिटी दहा-बारा इंटरफेस अमलात आणणारी हमाल झाली. कंटाळलेल्या लोकांनी मग इव्हेंट बसचा आधार घेतला. स्क्वेअर कंपनीचा ओटो आणि ग्रीनरोबोटचा इव्हेंटबस त्या काळात घराघरांत पोहोचले होते. गावात दवंडी पिटावी तसा निरोप सोडायचा, ज्याला हवा त्याने ऐकावा. लिहायला फार सोपे. पण दवंडी कोणी दिली आणि ऐकून कोण कुठे गेले, हे मोठ्या प्रकल्पात सहा महिन्यांनी शोधून काढणे अवघड होते. ओटो पुढे स्क्वेअरनेच निवृत्त केला. अँड्रॉइडचा लोकलब्रॉडकास्टमॅनेजरही तसाच मोडीत निघाला. नव्या कामात यातले काही वापरू नये.

ऑक्टोबर २०१४ मध्ये स्क्वेअरच्या पिएर-इव्ह रिको यांनी फ्रॅगमेंटच्या विरोधात एक लेख लिहिला. जीवनचक्राची गुंतागुंत, फ्रॅगमेंट बदलण्याच्या व्यवहारांची बेभरवशाची वेळ, शोधायला कठीण दोष हे सगळे त्यांनी मांडले. तो लेख त्या पिढीच्या अँड्रॉइडकारांनी पाठ केल्यासारखा वाचला. त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण फ्रॅगमेंट गेले नाहीत, त्यांच्याभोवतीची रचना बदलली.

बदलाचे वर्ष २०१७. गूगल आय-ओ परिषदेत लाइफसायकल, लाइव्हडेटा आणि व्ह्यूमॉडेल जाहीर झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरात ते स्थिर रूपात आले. आतापर्यंत निरोप एका भागाकडून दुसऱ्याकडे जात होता. आता माहिती तिसऱ्या ठिकाणी ठेवायची आणि दोघांनी तिच्याकडे बघायचे. निवडलेली समिती व्ह्यूमॉडेलमध्ये, लाइव्हडेटाच्या रूपात. यादी ती बदलते, भावाचा फ्रॅगमेंट ती पाहतो. यादीला भावाचा पत्ता नाही, भावाला यादीचा नाही. आडवा-उभा फोन झाला तरी व्ह्यूमॉडेल तेच राहते. ताबेदार कोण, याचे इतके स्पष्ट उत्तर अँड्रॉइडमध्ये याआधी मिळाले नव्हते, आणि माझ्या मते फ्रॅगमेंटच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे.

तरी तीन ठिकाणी पाय घसरतो, आणि ती तिन्ही ठिकाणे मी विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये सतत पाहतो. पहिले, व्याप्ती. दोन्ही फ्रॅगमेंटांनी व्ह्यूमॉडेल अॅक्टिव्हिटीच्या नावाने मागायचे असते, कोटलिनमध्ये अॅक्टिव्हिटीव्ह्यूमॉडेल्स म्हणून. घाईत एकाने नुसते व्ह्यूमॉडेल्स लिहिले की त्याला स्वतःचे वेगळे व्ह्यूमॉडेल मिळते. अॅप कोसळत नाही, कंपायलर गप्प राहतो, आणि लासलगाव निवडले तरी भाव हलत नाही. दुसरे, व्ह्यूचे आयुष्य. फ्रॅगमेंटमध्ये लाइव्हडेटा पाहताना मालक म्हणून फ्रॅगमेंटचेच नाव दिले, तर मागे-पुढे झाल्यावर एकाच फ्रॅगमेंटवर दोन निरीक्षक बसतात आणि प्रत्येक बदल दोनदा हाताळला जातो. तिथे व्ह्यूलाइफसायकलओनर द्यायचा असतो. वर सांगितलेली व्ह्यूच्या दोन-तीन आयुष्यांची गोष्ट इथे कामाला येते. तिसरे, प्रसंग आणि स्थिती यांची गल्लत. निवडलेली समिती ही स्थिती आहे, ती नव्या निरीक्षकाला पुन्हा मिळायलाच हवी. ‘पट्टी जतन झाली’ हा प्रसंग आहे. तो लाइव्हडेटात ठेवला तर फोन आडवा केल्यावर तोच संदेश पुन्हा झळकतो आणि शेतकऱ्याला वाटते की पट्टी दोनदा जतन झाली.

आणि कॅमेऱ्याची गोष्ट विसरू नये. प्रोसेस गेली की व्ह्यूमॉडेलही जाते. त्यातले जे वाचवायचे ते सेव्हडस्टेटहँडलमध्ये ठेवावे लागते, आणि तिथेही बंडलचीच मर्यादा आहे.

एखाद्या प्रसंगाचे उत्तर एकदाच पोहोचवायचे असेल, समजा तारीख निवडायच्या खिडकीतून तारीख परत आणायची असेल, तर त्यासाठी फ्रॅगमेंट लायब्ररीच्या १.३.० आवृत्तीत, २०२१ मध्ये, फ्रॅगमेंट रिझल्ट ही सोय स्थिर झाली. निकाल एका नावाच्या किल्लीखाली फ्रॅगमेंट मॅनेजरकडे ठेवला जातो. ऐकणारा दिसण्याच्या अवस्थेत आला की त्याला तो मिळतो आणि तिथून काढून टाकला जातो. ऐकणारा अजून उठलेला नसेल तर निकाल थांबतो. त्याआधीचे सेटटार्गेटफ्रॅगमेंट त्याच आवृत्तीत मोडीत काढले गेले. एक खाचखळगा सांगतो : निकाल कोणत्या मॅनेजरकडे ठेवला आणि कोणत्या मॅनेजरवर ऐकले जाते हे जुळायला हवे. फ्रॅगमेंटच्या आतल्या फ्रॅगमेंटने आपल्या पेरेंट मॅनेजरकडे निकाल दिला तर तो बाहेरच्या फ्रॅगमेंटच्या चाइल्ड मॅनेजरकडे जातो, अॅक्टिव्हिटीच्या सपोर्ट मॅनेजरवर कान लावून बसलेल्याला तो कधीच ऐकू येत नाही.

जुलै २०२१ मध्ये जेटपॅक कंपोझ १.० आले आणि फ्रॅगमेंटशिवाय पूर्ण अॅप लिहिणे सोपे झाले. मग हे सगळे कशाला शिकायचे, असे मुले विचारतात. एक तर चालू असलेल्या अॅपांत फ्रॅगमेंटचा कोड प्रचंड आहे आणि नोकरी लागल्यावर पहिल्या दिवशी हाती तोच येतो. दुसरे म्हणजे कंपोझमध्येही स्थिती वर ठेवायची, खाली फक्त दाखवायला द्यायची आणि प्रसंग वर पाठवायचा, हीच शिस्त आहे. फ्रॅगमेंटने ती दहा वर्षांच्या चुकांतून शिकवली, कंपोझने पहिल्या दिवसापासून लागू केली.

महाराष्ट्रात तंत्रनिकेतनांच्या संगणक पदविकेत मोबाइल अॅपचा विषय शिकवला जातो, आणि वर्गात शिक्षक समजावतात ते बहुतेक मराठीत. लिखित सामग्री मात्र इंग्रजीत, आणि तीही अनेकदा २०१३ च्या आसपासची. म्हणून ही पुस्तिका वर्गात बोलल्या जाणाऱ्या मराठीत लिहिली आहे. अॅक्टिव्हिटीला अॅक्टिव्हिटी आणि बंडलला बंडलच म्हटले आहे, कारण मुलांना उद्या तेच शब्द कोडमध्ये लिहायचे आहेत.

वाचकांना एक विनंती. प्रत्येक प्रकरणातला कोड चालवून झाला की फोनच्या डेव्हलपर पर्यायांत जाऊन ‘डोन्ट कीप अॅक्टिव्हिटीज’ सुरू करा, अॅपमध्ये लासलगाव निवडा, कॅमेरा उघडा आणि परत या. मग तो पर्याय बंद करून, अॅप मागे असताना एडीबीतून त्याची प्रोसेस मारा आणि अलीकडच्या अॅपांच्या यादीतून ते पुन्हा उघडा. दोन्ही वेळा भावाच्या पडद्यावर लासलगावच दिसले, तर पुढच्या प्रकरणाकडे वळा. दिसले नाही, तर तेच प्रकरण पुन्हा वाचा.